गाठही पेप्टाइड सोडते आणि इंजेक्शनही पेप्टाइडचंच, हे कसं काय?

कृष्णाकाठ (कराड)
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची. दोन-अडीच वर्षं तिला जेवण झालं की पाच मिनिटांत संडासला पळावं लागायचं. मधूनच तोंड, गळा, छाती एकदम लालबुंद व्हायची. घरात त्याला 'उष्णता' म्हणत होतो आणि धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. एका डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं, दुसऱ्यांनी पाळी गेल्यानंतरचा त्रास. शेवटी नोव्हेंबरात सोनोग्राफीत लिव्हरवर ठिपके दिसले. बायोप्सीचा रिपोर्ट मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय: वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्युमर (म्हणजे हॉर्मोन सोडणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड २, के-आय-६७ (किती पेशी वाढताहेत त्याचा आकडा) चार टक्के. मूळ गाठ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जेमतेम दीड सेंटिमीटरची. इरफान खानने २०१८ मध्ये जाहीर केला होता त्याच घराण्यातला आजार.

आता दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं ३० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आहे. चार झाली. संडासला नऊ-दहा वेळा जायची ती आता तीन वेळा जाते. तोंड लाल होणं जवळजवळ बंद.

मग मध्येच आमच्या मामांना व्हॉट्सॲपवर आलं की 'पेप्टाइड म्हणजे कॅन्सरच्या पेशींचं खत'. आईच्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरात तो शब्द सापडला, डबा माळ्यावर गेला. वरण पातळ झालं, अंडं बंद, तूप तर पहिल्याच दिवशी बंद. आणि काल रात्री मी इंजेक्शनच्या खोक्यातला कागद वाचला. त्यात लिहिलंय की ऑक्ट्रिओटाइड हे कृत्रिम ऑक्टापेप्टाइड आहे. म्हणजे आपण पैसे मोजून खतच टोचतोय की काय? डॉक्टरांना विचारलं होतं, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले. ते म्हणाले, "तुम्ही त्यात डोकं घालू नका."

दुसरी गोष्ट. क्रोमोग्रॅनिन ए, म्हणजे या गाठीवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रोटीन, जानेवारीत १९० होतं. परवाच्या रिपोर्टात ८७०. पुढची तारीख अजून १९ दिवसांवर. मला झोप नाही.

निसर्गमित्र
बुधवार, सकाळी ६.१०

गव्हांकुराचा रस चालू करा. साखर पूर्ण बंद. शरीर आम्ल झालं की कॅन्सर वाढतो. बाकी सगळा धंदा आहे.

पेट्रीडिश (चिपळूण)
बुधवार, सकाळी ९.२५

निसर्गमित्र, तुमचा रस तुम्हालाच लखलाभ.

कृष्णाकाठ, आधी एक सांग. आई ॲसिडिटीची गोळी घेतात का? पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, यातली कुठलीही? कधीपासून? तुझं उत्तर आलं की त्या ८७० वर बोलते. तोवर मामांचं खत बघू.

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम केलं, आता इथे अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. औषध चालू-बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मी सांगतेय ते आत काय घडतं एवढंच.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. गॅस्ट्रिनची माळ १७ मण्यांची, सोमॅटोस्टॅटिनची १४, आईच्या इंजेक्शनातली ८. आपलं आतडं हे निरोप पाठवायला असल्या कितीतरी माळा सोडत असतं: जठराला आम्ल सोड म्हणून, पित्ताशयाला पिळ म्हणून, स्वादुपिंडाला आता पुरे म्हणून. यातले काही निरोप पेशींना 'वाढा' असंही सांगतात, काही 'थांबा' सांगतात. त्यामुळे 'पेप्टाइडने कॅन्सर वाढतो का' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. कुठलं पेप्टाइड आणि कुठली पेशी, हे आधी सांगावं लागतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एआर-४२-जे नावाच्या पेशी होत्या, उंदराच्या स्वादुपिंडातल्या गाठीतून काढलेल्या. फार हळू वाढायच्या, झुबक्याझुबक्याने बसायच्या, नवीन मुलं घाबरून मेल्या समजून फेकायची. त्यांना एक दिवस सीरमशिवाय (पेशींच्या खाद्यात घालतात तो रक्ताचा पातळ भाग) ठेवायचं, कारण सीरममध्ये वाढीचे हजार निरोप आधीच असतात. मग काही डिशमध्ये गॅस्ट्रिन घालायचं, काहींत नुसतं पाणी. मात्रा इतकी कमी की वजन करताच येत नाही, पातळ करत करत जावं लागतं. दोन-तीन दिवसांनी पेशी सुट्या करून काचेच्या चौकटीत मोजायच्या. गॅस्ट्रिनच्या डिशला हातातला काउंटर जास्त वेळ टिकटिकत राहायचा. पण त्या पेशींवरचा गॅस्ट्रिनचा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप पकडणारी जागा, अडवणारं रसायन आधी घातलं, की तेच गॅस्ट्रिन घालूनही आकडा हलायचा नाही. आणि ज्या पेशींवर तो रिसेप्टरच नाही, त्यांच्या डिशमध्ये कितीही ओता, त्यांना पत्ता नाही.

माणसातही हे दिसतं. काही लोकांत रोगप्रतिकारशक्तीच जठरातल्या आम्ल करणाऱ्या पेशी मारून टाकते. बी-१२ कमी पडून ॲनिमिया होतो तोच हा प्रकार. आम्ल नाही म्हटल्यावर जठराच्या खालच्या टोकाच्या पेशी गॅस्ट्रिन सोडतच राहतात, कारण त्यांना 'पुरे' सांगायला आम्लच शिल्लक नसतं. वर्षानुवर्षं ते गॅस्ट्रिन झेलून जठरातल्या ईसीएल नावाच्या पेशी वाढतात आणि त्यांच्या बारीक बारीक गाठी होतात. यातल्या काही रुग्णांचं ते खालचं टोक कापून टाकलं, म्हणजे गॅस्ट्रिनचा उगमच काढला, तर बऱ्याचदा वरच्या गाठी आपोआप बारीक होतात. गाठीला हातही न लावता! मला अजूनही हे वाचून नवल वाटतं.

गॅस्ट्रिनचा इतिहासही मजेशीर आहे. १९०५ मध्ये एडकिन्स नावाच्या इंग्रज माणसाने 'जठर स्वतःच असा काही पदार्थ सोडतं' म्हणून सांगितलं. नंतर हिस्टामिननेही आम्ल वाढतं हे कळलं आणि बिचाऱ्यावर कित्येक दशकं कोणी विश्वास ठेवला नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत झोलिंगर आणि एलिसन यांनी दोन रुग्ण नोंदवले: अल्सर काही केल्या बरे होईनात आणि स्वादुपिंडात गाठ. ती गाठच गॅस्ट्रिन ओकत होती. शेवटी १९६४ मध्ये लिव्हरपूलला ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरातून ते शुद्ध करून दाखवलं.

सगळ्यात बेरकी प्रकार बेडकाचा. एर्सपामेर या इटालियन शास्त्रज्ञाच्या गटाला बॉम्बिना जातीच्या बेडकाच्या कातडीत एक पेप्टाइड मिळालं, म्हणून बॉम्बेसिन. त्याचा माणसातला भाऊ आपल्या आतड्यात आहे, गॅस्ट्रिन सोडायला लावणारा, २७ मण्यांचा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशी हे पेप्टाइड स्वतःच बनवतात, स्वतःच्याच अंगावर झेलतात आणि वाढतात. पंगतीत वाढपीही आपणच आणि पानावर बसलेलेही आपणच. ते पेप्टाइड मधल्या मध्ये पकडणारं प्रतिपिंड दिलं तर उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. माणसांसाठी मात्र त्यातून औषध उभं राहिलं नाही. गॅस्ट्रिन अडवून मोठे कॅन्सर रोखायचे प्रयत्नही बरेच झाले, त्यांचीही तीच गत. डिशमध्ये चालतं ते माणसात चालेलच असं नाही. या धंद्यात हे फार लवकर कळतं.

आता आईचं इंजेक्शन. १९७३ मध्ये गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूच्या तुकड्यांतून सोमॅटोस्टॅटिन सापडलं. ग्रोथ हॉर्मोनला आवर घालतं म्हणून ते नाव. नंतर कळलं की आतड्यात आणि स्वादुपिंडात ते भरपूर आहे आणि तिथेही त्याचं काम आवर घालण्याचंच. अडचण अशी की रक्तात ते दोन-तीन मिनिटांत निम्मं संपतं. म्हणून कामाचा तेवढा भाग ठेवून, दोन मणी उलट्या घडणीचे वापरून आठ मण्यांची टिकाऊ माळ केली, ती ऑक्ट्रिओटाइड. आईच्या रिपोर्टात कुठेतरी 'सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर २' लिहिलेलं सापडतंय का बघ. या गाठींवर तो बहुतेकदा दाट असतो. त्यावर ही माळ बसली की पेशीतला 'वाढा' म्हणणारा गोंगाट कमी होतो आणि गाठ जी रसायनं सोडून संडासला पळवत होती, तीही आवळली जातात.

हे नुसतं लक्षणांपुरतं नाही हे सिद्ध व्हायला २००९ उजाडलं. जर्मनीत ८५ रुग्णांवर चाचणी झाली, सगळ्यांच्या गाठी आईसारख्याच मधल्या आतड्यातल्या. निम्म्यांना ३० मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन, निम्म्यांना खोटं. गाठ पुढे सरकायला लागायला खोट्या इंजेक्शनवाल्यांत मधला काळ ६ महिने होता, खऱ्यावाल्यांत १४.३ महिने. गाठी विरघळल्या असं नाही. थबकल्या. स्कॅनमध्ये 'आहे तसंच' आलं की तोंड पाडू नकोस एवढ्यासाठी सांगतेय.

आणि मामांना सांग, वरण पूर्ववत घट्ट करा. खाल्लेलं प्रोटीन आतड्यात कापलं जातं. रक्तात जातात ते सुटे मणी किंवा फार तर दोन-तीन मण्यांचे तुकडे. डाळीतली किंवा पावडरीतली माळ अख्खी जाऊन गाठीवर बसत नाही. तसं झालं असतं तर आईला दर महिन्याला सुई कशाला टोचली असती, वाटीतून दिलं असतं.

मधुमित्र
बुधवार, दुपारी १.०५

छान माहिती. मी वजनासाठी सेमाग्लुटाइड घेतो. तेही आतड्यातल्या हॉर्मोनसारखंच ना? घाबरू का?

पेट्रीडिश (चिपळूण)
बुधवार, दुपारी ३.३०

धागा आईंचा आहे म्हणून थोडक्यात. उंदरांत या औषधांनी थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठी झाल्या, पण हे औषध ज्यावर बसतं तो रिसेप्टर त्यांच्या सी-पेशींवर माणसापेक्षा खूप जास्त असतो. माणसात तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही. तरी घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (याच सी-पेशींचा) असेल तर हे औषध देत नाहीत. तुमच्या घरात असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. पुढचं वेगळ्या धाग्यावर.

कृष्णाकाठ (कराड)
बुधवार, रात्री १०.१५

ताई, दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. बेडकाच्या भागाला ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

हो, पॅन्टोप्राझोल ४० चालू आहे! जानेवारीची तपासणी झाल्यानंतर गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी दिली होती, तिच्याबरोबर फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलं. गुडघ्याची गोळी कधीच बंद झाली, ही चालूच राहिली. सकाळी चहाच्या आधी, एकही दिवस चुकवत नाही. हे तुम्हाला कसं कळलं?

आणि तूप? संडास आता कमी वेळा होतो, पण तेलकट असतो, तरंगतो, पाणी टाकून जात नाही.

पेट्रीडिश (चिपळूण)
गुरुवार, सकाळी ७.५०

कळलं काही नाही, हा सापळा जुना आहे. काल सांगितलेलं गॅस्ट्रिन आठव. ही गोळी आम्ल बंद करते. आम्ल नाही, म्हणून गॅस्ट्रिन वाढतं. त्याने जठरातल्या ईसीएल पेशी जोरात कामाला लागतात. आणि त्या पेशी क्रोमोग्रॅनिन ए सोडतात. म्हणजे तो वाढलेला आकडा आतड्यातल्या गाठीचा नसून जठरातल्या साध्यासुध्या पेशींचा असू शकतो. असू शकतो म्हणतेय, आहेच असं नाही. किडनी कमजोर असली तरी तो वाढतो. म्हणून १९ दिवस थांबू नकोस. आजच दवाखान्यात फोन करून सांग की पॅन्टोप्राझोल चालू असताना रक्त दिलं होतं, ही गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासायचं का. स्वतःहून बंद करू नका. अल्सर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर ती गोळी गरजेची असते.

या गोळ्यांची गंमत अशी की १९८० च्या दशकात ओमेप्राझोल तयार होत असताना आयुष्यभर मोठा डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात अशाच गाठी निघाल्या आणि चाचण्या काही काळ थांबल्या होत्या. कारण हेच, चढलेलं गॅस्ट्रिन. माणसांत नेहमीच्या डोसला तसं सर्रास झालं नाही, म्हणून आज ती गोळी घराघरात आहे.

तुपाचं: स्निग्ध पदार्थ खाल्ले की आतडं न्यूरोटेन्सिन नावाचं १३ मण्यांचं पेप्टाइड सोडतं आणि डिशमधल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सर पेशी त्याने वाढतात हे खरं आहे. मामांच्या फॉरवर्डला शेपूट तिथलं असावं. पण त्यावरून आईच्या भातावरचं चमचाभर तूप बंद करा असं निघत नाही. तिच्या तेलकट संडासाचं कारण वेगळं आहे. इंजेक्शन स्वादुपिंडाचा रसही आवळतं, चरबी पचत नाही, तशीच बाहेर पडते. यावर जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल असतात, त्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचार. आणखी एक: जेवलं की पित्ताशयाला पिळ म्हणून सांगणारं पेप्टाइडही हे इंजेक्शन दाबून टाकतं. पित्त साचून राहतं, खडे होतात. उजव्या बरगडीखाली दुखलं तर गॅस म्हणून सोडून देऊ नका.

डबलबेल (अकोला)
गुरुवार, रात्री ९.००

ताईसाहेब, लय भारी समजावलं. मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. मला हाच आजार, सहा वर्षं झाली. मी आपल्या भाषेत सांगतो. एकच दोरी. एक टोला दिला की गाडी थांबते, दोन दिले की सुटते. पण ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटीच बसवलेली नसेल तर ओढा दोरी संध्याकाळपर्यंत. आईच्या गाठीला घंटी आहे, म्हणून सिंगल बेल ऐकते.

घंटी, म्हणजे ताईंचा तो रिसेप्टर, आहे का ते बघायला गॅलियमचा पेट (पीईटी) स्कॅन असतो. हेच पेप्टाइड, फक्त त्याच्या शेपटाला किरणोत्सारी गॅलियम बांधलेलं. जिथं घंटी तिथं उजेड. माझी मूळ गाठ सीटी स्कॅनला दिसली नव्हती, यात दिसली.

तीन वर्षांनी इंजेक्शन पुरेनासं झालं, तेव्हा मला ल्युटेशियम दिलं. पुन्हा तेच पेप्टाइड, पण या वेळी शेपटाला ल्युटेशियम-१७७. पेशी घंटी समजून आत घेते आणि आतून भाजते. चार डोस, दोन-दोन महिन्यांनी. मी परळला घेतलं, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला. तिथल्या मुलाने सांगितलं, हे ल्युटेशियम ट्रॉम्ब्यात ध्रुव अणुभट्टीत होतं. म्हटलं बरंय, एवढी वर्षं त्या बाजूच्या गाड्या बघितल्या, आत काय शिजतं ते आता कळलं. औषधापेक्षा किडनी सांभाळायला अमिनो ॲसिडचं सलाइन लावतात त्याचीच मळमळ जास्त. आता त्यावर आधी गोळी देतात.

इंजेक्शनचं लक्षात ठेवा. फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवायचं, मग कालवायचं, आणि कालवलं की लगेच द्यायचं. माझ्या गावच्या एका सिस्टरने कालवून ठेवलं आणि फोनवर बोलत बसली. सुई चोंदली, महिन्याचं औषध गेलं. तेव्हापासून मी समोर घड्याळ घेऊन उभा राहतो. एकदा डावा कुल्ला, एकदा उजवा, वहीत लिहून ठेवा.

कृष्णाकाठ (कराड)
३१ दिवसांनंतर, रविवार, दुपारी ४.२०

उशीर झाला, माफ करा. डॉक्टरांनी फोनवरच पॅन्टोप्राझोल बंद करायला सांगितलं, आईला अल्सर वगैरे काही नव्हतं. पहिले पाच-सहा दिवस छातीत भयंकर जळजळ झाली, थंड दूध आणि साध्या पातळ औषधावर काढले. अडीच आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. २३०.

१९० नाही आलं, त्यामुळे मी अर्धीच खूश होते. डॉक्टर म्हणाले या आकड्यावर आम्ही काही ठरवत नाही, स्कॅन करू. मागच्या सोमवारी गॅलियमचा झाला. लिव्हरवर पाच ठिपके होते, पाचच आहेत. नवीन काही नाही. एन्झाइमच्या कॅप्सूल चालू झाल्यात, संडास बुडतो. (असली बातमी आनंदाने लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.)

माळ्यावरचा डबा काढला तर त्याला मुंग्या लागलेल्या. मामाच नवीन घेऊन आले. लेबल वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाले राहू दे.

डबलबेल काका, पुढेमागे परळला यावं लागलं तर राहायचं कुठं? आमचं मुंबईत कोणी नाही.

डबलबेल (अकोला)
रविवार, सायंकाळी ६.४५

मी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. दवाखान्याचे सगळे कागद बरोबर ठेवा आणि सकाळी लवकर जाऊन विचारा. यायच्या आधी इथे निरोप टाका, माझी तपासणीची तारीख त्याच आठवड्यात असली तर स्टेशनवर भेटतो.